काटा 108 वरच का अडतो?

प्रश्न : मी अजून फ्लाइट सिम्युलेटर एक्स या विमान उडवण्याच्या जुन्या कॉम्प्युटर गेममध्येच रमतो. त्यातल्या सेसना 172 एसपी या छोट्या विमानाला 8,500 फुटांवर 124 नॉट (ताशी सागरी मैल) वेग मिळतो असं विमानाच्या पुस्तिकेत आहे, पण माझा वेगाचा काटा 108 च्या पुढे हलत नाही. म्हणून विमानाच्या सेटिंग्जच्या फाइलमधला पॉवर स्केलर, म्हणजे इंजिनाची ताकद ज्याने गुणली जाते तो आकडा, 1.0 चा 1.3 केला. आता वेग थोडा वाढला, पण चढताना विमान सुसाट सुटतं. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तो 1.3 खोडा. तुमचं विमान ठणठणीत होतं हो! काटा चालतो समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर. 8,500 फुटांवर हवा विरळ, म्हणून विमान खरोखर 124 नॉटने जात असलं तरी काटा 109 च्या आसपासच राहतो. पुस्तिकेतला आकडा खऱ्या वेगाचा आहे. उरलेला एखादा नॉट मिक्स्चरने, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाच्या प्रमाणाने, खाल्ला असेल. ते आपोआप जुळवणारं ऑटोमिक्स्चर बंद असेल तर मिक्स्चरचा लाल दांडा थोडा मागे ओढून बघा.

आता तुमच्या 1.3 चं. वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे 30 टक्के जादा पॉवर देऊन वेग वाढतो जेमतेम 9 टक्के. चढाईचा हिशेब वेगळा. उडत राहण्यापुरती ताकद वजा जाता जी शिल्लक राहते, तिच्यावर विमान चढतं. 180 अश्वशक्तीचे तुम्ही 234 केलेत, ती सगळी भर त्या शिल्लकीत पडली. खरी 172 समुद्रसपाटीला मिनिटाला 730 फूट चढते. तुमची 1,200 च्या पुढे गेली असणार.

एवढं करूनही खरा वेग कमी भरला, तर पॉवरला हात न लावता पॅरासाइट ड्रॅग स्केलर, म्हणजे हवेचा अडथळा ज्याने गुणला जातो तो आकडा, 1.0 वरून 0.97 करा. दर वेळी वेग तपासताना वारा शून्य, वजन तेच, उंची तीच, आणि काटा स्थिरावायला पाच मिनिटं द्या. एका वेळी एकच आकडा बदला.

आणि हे आकडे ज्या फाइलमध्ये आहेत त्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजीची कॉपी आधी बाजूला ठेवा. मी एकदा रात्री दीडला नोटपॅडमध्ये एक चौकटी कंस चुकून उडवला होता. सकाळी यादीतून विमानच गायब, आणि कॉपी अर्थातच नव्हती.