कुंपणाच्या वाफ्यात बडीशेप लावू का?

प्रश्न : ताई, पुण्यात घरापुढे कुंपणालगत 10 फुटांचा वाफा आहे, त्यात झेंडू, टोमॅटो आणि कोथिंबीर आहे. मला बडीशेप पण लावायचीये, पण शेजारच्या काकू म्हणतात ती बाकीच्यांना वाढू देत नाही. खरंय का?

उत्तर : लावा हो, नक्की लावा, फक्त जागा नीट निवडा! काकूंचं अगदीच चूक नाहीये, टोमॅटो आणि घेवडा बडीशेपेजवळ नीट वाढत नाहीत असा बऱ्याच बागवाल्यांचा अनुभव आहे, आणि ते सोडलं तरी झाड 5-6 फूट उंच होतं म्हणजे मागच्या सगळ्यांचं ऊन गेलंच. म्हणून ती वाफ्याच्या उत्तरेच्या टोकाला लावा, टोमॅटोपासून निदान 3 फूट लांब, पुढे झेंडू चालेल. आणि रोप करून हलवू नका प्लीज, सोटमूळ खोल जातं, ते दुखावलं की झाड रुसतं, बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट जमिनीतच टाका.

फुलं आली ना की खरी मजा! पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या येतात, सिरफिड माश्या (मधमाशीसारख्या दिसणाऱ्या छोट्या माश्या) येतात आणि या सिरफिडच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात, त्यामुळे मावा दिसला म्हणून लगेच फवारा मारू नका, आधी पाण्याचा जोरदार झोत मारून बघा. जेवणानंतर खायला कोवळी, गोड बडीशेप हवी असेल तर दाणे हिरवे, अर्धवट भरलेले असतानाच तोडा आणि सावलीत वाळवा.