एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट : सिलिकॉन लावायचं की कोरडंच बसवायचं?

जेट स्कीचा एक्झॉस्ट उतरवला आहे, नवं गॅस्केट (जोड गळू नये म्हणून दोन भागांच्या मध्ये घालायचा पातळ थर) आणलं आहे, आता खात्रीसाठी दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट (सीलंट), लावावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, लावू नका. मॅन्युअलमध्ये त्या जोडासाठी सीलंट सांगितलं नसेल तर गॅस्केट कोरडंच बसवा.

या इंजिनांत मॅनिफोल्डभोवती, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या भागाभोवती, थंड करणारं पाणी खेळत असतं. एकाच गॅस्केटमध्ये मधलं मोठं भोक धुराचं आणि कडेची बारकी भोकं पाण्याची. बोल्ट आवळले की जादा सिलिकॉन आत दाबलं जातं आणि त्याची दोरी पाण्याच्या भोकात लोंबते. पुढे तुटून ती एखाद्या अरुंद नळीत अडकली की तेवढ्या भागाला पाणी मिळत नाही आणि तो तापतो. शिवाय ओलं सिलिकॉन निसरडं असतं, आवळताना गॅस्केट जागचं सरकतं. धुराच्या भोकाच्या काठावर तर ते जळूनच जातं आणि तिथे फट उरते.

खरा वेळ द्यायचा तो फ्लँजच्या तोंडाला, म्हणजे गॅस्केट ज्यावर बसतं त्या सपाट कडेला. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर पोलादी पातं चाललं की ओरखडा पडतो आणि पाणी नेमकं त्याच ओरखड्यातून वाट काढतं. मग सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचं माप) घालून बघा. ०.०५ मिमीची पात सहज सरकत असेल तर मी तो फ्लँज तसा बसवणार नाही. किरकोळ वाक असेल तर जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासा. खोल खड्डे असतील तर मशीन शॉप गाठा. ते खड्डे सिलिकॉनने बुजवायचा विचारही नको.

जुनं गॅस्केट परत वापरू नका, ते एकदा दबलेलं असतं.

बोल्टचे आटे साफ करून आधी सगळे हाताने लावा. मग मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरावीक जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) की अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण), हे मॅन्युअल सांगेल तसंच. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क अँटी-सीझ लावून दिलात तर बोल्ट जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियममधले आटे निघू शकतात.

चाचणी मोकळ्या हवेत, सीट काढून घ्या. जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हलमध्ये (जेट स्कीच्या बंदिस्त सांगाड्यात) साठतो आणि त्याला वास नसतो. जमिनीवर होजने (नळाच्या पाइपने) पाणी देऊन चालवताना आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम चुकला तर एक्झॉस्टमधून पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. इंजिन गार झालं की टॉर्च घेऊन जोडाची कड बघा. काजळीची रेघ दिसली तर धूर निसटतोय, ओलावा दिसला तर पाणी. दोन्ही वेळेला बोल्ट आणखी पिळत बसू नका. जोड उघडा आणि गॅस्केटवर दाब कुठे कमी उमटलाय ते बघा.