दहापैकी सहा

लहानपणी सोसलेल्या आघातांबद्दलची दहा प्रश्नांची चाचणी मोबाईलवर सोडवून एक ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. सहा उत्तरं ‘हो’. “मॅडम, म्हणजे माझं आता काही खरं नाही का?” सांगलीत माझ्याकडे हा प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडून येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

ताईंचं माहेर विट्याकडचं. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी परमुलखात. गावी आले की दारू आणि मारहाण. आई वैतागून निघून गेली, ताई आजीजवळ वाढल्या. आता नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, पदरी सात वर्षांचा मुलगा, घरात कशाला कमी नाही. तरी फाटकाची कडी वाजली की पोटात गोळा येतो. दूध उतू गेलं तरी मुलावर हात उठतो आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाईंचं पालुपद ठरलेलं : “स्वभावाला औषध नाही.”

ही चाचणी अमेरिकेतल्या एका अभ्यासातून आली. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांत नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न कित्येक पटींनी जास्त आढळले. ताईंपासून मी हे लपवलं नाही. पण हा हिशेब हजारो माणसांचा एकत्र. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून काढू नका, असं पुढे अँडांनीच बजावलं. शिवाय आजी कशी होती, हे त्या दहा प्रश्नांत कुठेच विचारलेलं नाही! हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सगळ्यात खडतर परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली मार्गी लागली. त्यांच्या वाट्याला बहुधा जीव लावणारं एखादं तरी मोठं माणूस आलं होतं.

राहिला स्वभाव. चटकन धास्तावणं थोडं उपजत असतं, थोडं सोसण्यातून वाढतं. ताईंचा भाऊ त्याच घरातला, पण निवांत गडी. धास्तावणाऱ्या माणसाला तीच आठवण जास्त काळ छळते. मात्र स्वभाव दगडावरची रेघ नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारांनी नेमका हाच धास्तावलेपणा काही महिन्यांत कमी होताना दिसला. सासूबाईंना हे कोण सांगणार, ते सोडा.

हात उठला की वेळ कॅलेंडरच्या मागे लिहायची, एवढंच मी सांगितलं. बहुतेक नोंदी संध्याकाळी सात-साडेसातच्या. नवरा घरी यायची वेळ! कडी वाजायच्या आधीच अंग ताठ व्हायचं, आणि समोर सापडायचा मुलगा. मग नवऱ्याला बोलावलं. तो आता फाटकाबाहेरूनच हाक देतो, “अगं, मी आलोय.” त्या वेळी मुलगा आजीजवळ अभ्यासाला बसतो. मारणं जवळजवळ थांबलंय.

झोप मात्र अजून धड नाही, म्हणून मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय. वडील आता आजारी असतात. “झालं गेलं विसर, माफ कर,” असा नातेवाइकांचा आग्रह चाललाय. मला तो पटत नाही. बरं वाटण्यासाठी माफी द्यावीच लागते असं काही नाही. दिवाळीला गावी जायचं की नाही, हे ताईंचं अजून ठरलेलं नाही.