वाचक विचारतात : ट्रेलरचं चाक आणि त्यावरचं मडगार्ड

प्रश्न : बुलेट न्यायला दोन चाकांचा छोटा ट्रेलर बनवून घेतला आहे. चाकं रिक्षाची, ४.००-८ मापाची. मे महिन्यात कारला जुंपून धुळ्याला निघालो, तर मानपूर घाट उतरल्यावर उजवा टायर फुटला आणि मडगार्डही मुडपलं. टायरची नक्षी नव्यासारखी होती. वजन जास्त झालं का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : वजनाचा हिशेब आधी मिटवू. बुलेट १९५ किलो आणि ट्रेलर दीडशे धरला, तर झाले ३४५. बाईक नीट बसवली असेल तर त्यातले ३५-४० किलो कारच्या हुकवर येतात. उरलेले तीनशे दोन चाकांत वाटले की प्रत्येकी दीडशे. भरलेल्या रिक्षाचं मागचं चाक रोज याहून जास्त ओझं वाहतं. तेव्हा संशय वजनावर नको, वेगावर आणि हवेवर घ्या.

रिक्षा राजवाड्याच्या गर्दीत चाळिशीनेसुद्धा पळत नाही. तुम्ही एबी रोडवर ऐंशीने गेला असाल. या टायरचा एक फेरा सुमारे १.३ मीटरचा, म्हणजे किलोमीटरला ७७० फेरे आणि ऐंशीच्या वेगाला मिनिटाला हजारावर. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते. हवा पाच-सात पौंड कमी असली तर ती जास्त दबते, जास्त तापते, आणि शेवटी वरचा रबरी पट्टा आतल्या थरांपासून सुटतो. तो फिरता पट्टा मडगार्डला चाबकासारखा बसतो. मडगार्ड वाकून आत आलं की त्याची धार उरलेला टायर कापते. कार चालवणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. कारचं चाक बसलं तर स्टिअरिंग ओढतं, ट्रेलरचं चाक गुपचूप मरतं.

नव्या नक्षीला फसू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. ट्रेलर वर्षातून चारदा निघतो आणि बाकी दिवस उन्हात उभा असतो, त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर वाळतं. बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या किंवा सहा वर्षं झाली, की टायर बदला. आकारमानाच्या शेवटी असलेलं इंग्रजी अक्षरही वाचा : ‘ई’ म्हणजे ताशी ७०, ‘एफ’ ८०, ‘जे’ १००.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती पौंडांपर्यंत चालेल ते टायरवरच लिहिलेलं असतं. वाटेत गरम टायरमध्ये चार-सहा पौंड जास्त दिसतील, ते काढू नका. निघाल्यावर पंचवीसेक किलोमीटरवर थांबा आणि दोन्ही चाकांना हात लावा. एक टायर दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर हवा कमी आहे. टायर ठीक पण हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, तळहात टिकत नसेल, तर बेअरिंग आवळलेलं तरी आहे, नाहीतर त्यातलं ग्रीस संपलं आहे.

लांबचे प्रवास नेहमीचे असतील तर १४५/८० आर १२ ची, जुन्या अल्टोच्या मापाची चाकं बसवणं आम्हाला पटतं. तेवढ्याच अंतरात फेरे जवळपास चौथ्या हिश्श्याने घटतात. मात्र रिमची भोकं हबच्या बोल्टांना जुळतात का ते मोजून घ्या. ट्रेलर सुमारे सहा सेंटिमीटर उंच होईल, तेव्हा हुकची उंची आणि मडगार्ड दोन्ही बदलावं लागेल. चाकं तीच ठेवणार असाल तर साठच्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : मडगार्ड ब्रॅकेटपाशी तडकतं. दोनदा वेल्डिंग केलं, पण दर वेळी वेल्डच्या शेजारीच नवी चीर पडते.
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पडणारच. वेल्डच्या कडेचा पत्रा तापून त्याचा गुण बदलतो, आणि थरथरीचा सगळा ताण तिथेच येतो. आणखी वेल्डिंग करू नका. चिरेच्या अगदी टोकाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग आतून ३ मिलिमीटरची, हाताच्या पंजाएवढी, कोपरे गोल केलेली पट्टी लावून बोल्टने आवळा. पत्रा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचे दोन थर, मोठा वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने न सुटणारा). रबर चेपून बाहेर येईल इतकं आवळू नका. बोल्टचं गोल डोकं टायरच्या बाजूला हवं, शेपूट बाहेर. उलटं बसवलेलं शेपूट स्प्रिंगचे पाटे दबले की टायरला चरत जातं. कितीतरी ‘पंक्चर’ याच जातीचे असतात. हे सगळं सामान सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं.

मडगार्ड एक्सलवर बसवलं असेल तर ते काढून चेसीवर, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्यावर घ्या. एक्सलवरचं मडगार्ड प्रत्येक खड्डा थेट खातं. चेसीवर घेताना बाईक चढवून मागे दोन माणसं उभी करा आणि पाटे पुरते दबल्यावर टायर-मडगार्डमध्ये चार बोटं उरतात का बघा. बाईक चढवूनही पाटे बोटभर दबत नसतील, तर ते या ओझ्याला फार कडक आहेत. एखादा पाटा कमी करून घ्या. रिकामा ट्रेलर सर्वांत जास्त उड्या मारतो, म्हणून बहुतेक चिरा परतीच्या वाटेवर पडतात.

प्रश्न : ट्रेलरची स्टेपनी आहे. आणखी काय बाळगावं?
– एक वाचक, महू

उत्तर : आधी घरीच एकदा चाक काढून बघा. कारचा पाना ट्रेलरच्या नटाला बसेलच असं नाही, आणि कारचा जॅक एक्सलखाली उंच ठरून शिरतच नाही. जाड फळीचा उतरता तुकडा ठेवा. चांगलं चाक त्यावर चढवलं तर एका एक्सलच्या ट्रेलरचं दुसरं चाक उचलत नाही, पण बसकं चाकच फळीवर चढवलं की एक्सल वर येतो आणि खाली जॅक सरकवता येतो. बेअरिंगचा एक जोड, ग्रीसचा छोटा डबा आणि मुडपलेलं मडगार्ड बाहेर ओढायला मोठी पक्कड. ती नसेल तर स्टेपनी असूनही चाक फिरणार नाही.