'व्हेक्टर'ला वाहक म्हणावे की सदिश? आणि 'मार्कर'ला काय?

प्रश्न: जैवतंत्रज्ञानाच्या मराठी टिपणांत 'क्लोनिंग व्हेक्टर'ला कोणी 'वाहक' म्हणते, कोणी 'सदिश'. बरोबर काय? 'सिलेक्टेबल मार्कर' आणि 'मल्टिपल क्लोनिंग साइट' यांनाही चांगले मराठी शब्द हवे आहेत.

इथे 'सदिश' चूकच आहे. तो गणित-भौतिकीतला शब्द, दिशा असलेल्या राशीसाठी घडवलेला. क्लोनिंग व्हेक्टर म्हणजे हवा तो डीएनए तुकडा पेशीत नेणारा डीएनए, बहुधा प्लाझ्मिड (जिवाणूतला छोटा वर्तुळाकार डीएनए); त्याला तशी दिशा नसते. 'व्हेक्टर'चे लॅटिन मूळ 'वाहून नेणे' या अर्थाचे आहे आणि आपला 'वह्' धातू त्याचाच सगोत्र, म्हणून 'वाहक' अगदी नेमका बसतो. अडचण एकच. आनुवंशिकीत थॅलेसेमियाचे सदोष जनुक बाळगणाऱ्या माणसालाही आपण वाहकच म्हणतो. त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'क्लोनिंग वाहक' असे पूर्ण लिहावे, पुढे नुसते 'वाहक' चालेल.

'मार्कर'ला एकच शब्द दिला की खरा घोटाळा होतो, कारण वाहकावर दोन वेगळी कामे करणाऱ्या खुणा असतात. मी त्यांना 'निवडखूण' आणि 'पारखखूण' म्हणेन. निवडखूण ठरवते की प्लाझ्मिड शिरलेला जिवाणूच जगावा. पारखखूण सांगते की जगलेल्यांपैकी कोणाच्या प्लाझ्मिडमध्ये आपला डीएनए तुकडा जोडला गेला आहे. पहिलीत बाकीचे मरतात, दुसरीत फक्त ओळखू येतात.

१९७७ साली प्रसिद्ध झालेला पीबीआर३२२ हा प्लाझ्मिड (४३६१ बेसजोड्या) घ्या. त्यात अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोन प्रतिजैविकांना रोध करणारी जनुके आहेत. बॅमएचवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमचे छेदस्थळ (कापण्याची जागा) टेट्रासायक्लिनरोधी जनुकात येते. तिथे तुकडा जोडला की ते जनुक निकामी होते, म्हणून हवी असलेली वसाहत (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) अँपिसिलिनवर वाढते आणि टेट्रासायक्लिनवर मरते. म्हणजे अँपिसिलिनरोध ही निवडखूण, टेट्रासायक्लिनरोध ही पारखखूण. पीएसटीवन या दुसऱ्या एन्झाइमचे छेदस्थळ मात्र अँपिसिलिनरोधी जनुकात आहे; तिथे तुकडा जोडलात तर भूमिका नेमक्या उलटतात. खूण कोणती, हे जनुकावरून ठरत नाही, तुकडा कुठे जोडला यावरून ठरते. शिवाय हवी ती वसाहत दुसऱ्या थाळीवर मेलेली असल्याने ती पहिल्या थाळीवरून उचलावी लागते, आणि त्यासाठी आधी वसाहतींचा ठसा घेऊन ठेवावा लागतो, म्हणजे त्याच वसाहती त्याच जागी दुसऱ्या थाळीवर उतरवाव्या लागतात.

पीयूसी१९ या नंतरच्या प्लाझ्मिडने (२६८६ बेसजोड्या) हा त्रास वाचवला. त्यात अँपिसिलिन निवडते, लॅकझेड जनुकाचा अल्फा भाग पारखतो; तुकडा याच भागात जोडतात, म्हणून तो निकामी होतो. एक्स-गॅल (लॅकझेडच्या एन्झाइमने निळा रंग देणारा पदार्थ) घातलेल्या थाळीवर रिकाम्या प्लाझ्मिडची वसाहत निळी, तुकडा जोडलेली पांढरी. यजमान जिवाणू डीएच५अल्फासारखा, म्हणजे लॅकझेडच्या एन्झाइमचा उरलेला भाग स्वतः पुरवणारा हवा, नाहीतर रंगावरून काहीच ठरत नाही. रंगावर आंधळा विश्वासही नको: तुकडा लहान असून वाचनचौकट (जनुक तीन-तीन बेसच्या गटांत वाचण्याचा क्रम) मोडत नसेल तर वसाहत फिकट निळी दिसते; उलट छेदलेल्या टोकांची एक-दोन बेस झडून चौकट सरकली तर तुकडा नसतानाही पांढरी. पांढऱ्या वसाहतीतून प्लाझ्मिड काढून, एन्झाइमने छेदून जेलवर (जिथे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) तपासावाच.

निवडखूणही फसवते. अँपिसिलिन साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालतात, पण रोधक जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे अँपिसिलिन तोडणारे एन्झाइम बाहेर सोडून आसपासचे औषध नष्ट करतात. ३७ अंशांवर थाळी १६-१८ तासांपेक्षा फार जास्त ठेवली की मोठ्या वसाहतीभोवती बारीक 'उपग्रह' वसाहती उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतोच, त्या उचलू नका. अँपिसिलिनसारखेच कार्बेनिसिलिन अधिक टिकाऊ असल्याने ते वापरल्यास त्रास कमी होतो.

राहिली 'मल्टिपल क्लोनिंग साइट', म्हणजे तुकडा जोडण्यासाठी अनेक छेदस्थळे जवळजवळ असलेला वाहकाचा भाग. 'बहुक्लोनन स्थळ' मला पटत नाही. छेदस्थळे अनेक असतात, पण प्रत्येक एन्झाइमचे स्थळ पूर्ण प्लाझ्मिडमध्ये एकदाच यावे लागते. दोनदा आले तर प्लाझ्मिडचे दोन तुकडे होतात आणि प्रतिकरणाचा आरंभबिंदू (जिथून प्लाझ्मिडची प्रत बनू लागते) किंवा निवडखूण गळू शकते. म्हणून 'एकल छेदस्थळांचा पट्टा' लिहा. थोडे लांब आहे, पण विद्यार्थ्याला अट त्यातच कळते.