वाचकांचे प्रश्न : कॉर्फूचे ड्युरेल कुटुंब

प्रश्न : जेराल्ड ड्युरेल यांचे ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ हे पुस्तक नुकतेच वाचले. कॉर्फू बेटावर राहिलेल्या त्या इंग्रज कुटुंबाच्या आठवणी घडल्या तशाच सांगितल्या आहेत, की त्यांत कल्पनेची भर आहे? शिवाय, आपले घर सोडून ही माणसे ग्रीसमधल्या बेटावर गेली तरी कशासाठी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ‘आपले घर सोडून’ या शब्दांपाशीच मी अडलो. ड्युरेल कुटुंबाचे घर इंग्लंडात नव्हते. ते भारतात होते आणि १९२८ मध्येच मोडले होते. आई लुइझा यांचा जन्म रुडकीचा. थोरला मुलगा लॉरेन्स १९१२ मध्ये जालंधरला जन्मला, तर धाकटा जेराल्ड १९२५ मध्ये जमशेदपूरला. वडील अभियंते होते. १९२८ मध्ये ते वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली, म्हणजे कागदोपत्री मायदेशी, पण मनाने परमुलखातच. लॉरेन्स यांना तर तिथली हवा आणि तिथले जगणे दोन्ही कधीच मानवले नाही. त्यांच्याच आग्रहामुळे १९३५ मध्ये सगळे कॉर्फूला पोहोचले. तिथे ऊन होते, स्वस्ताई होती आणि जेराल्डला, वय वर्षे दहा, रानावनात मोकळे हिंडता येत होते. कॉर्फू इंग्रजांना अगदीच अनोळखी होते असेही नाही, कारण १८१५ ते १८६४ या काळात ते बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि तेव्हा रुजलेले क्रिकेट तिथे आजही खेळले जाते. या ‘इंग्रज’पणाचा शेवटही मजेदार झाला. १९६० च्या दशकात ब्रिटनने प्रवेशाचे कायदे कडक केले, तेव्हा एव्हाना लेखक म्हणून नामवंत झालेल्या लॉरेन्स यांना, जन्म भारतातला म्हणून, इंग्लंडात पाऊल ठेवण्यासाठी परवानगी काढावी लागू लागली.

आता पहिला प्रश्न. पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे बेट सोडल्यानंतर सतरा वर्षांनी, आणि त्यातली माणसांची मांडामांड लेखकाने बरीच आपल्या सोयीने केली आहे. पुस्तकातला लॅरी आई-भावंडांबरोबर राहतो, पाहुणे बोलावून घर भरवतो आणि सडाफटिंग आहे. प्रत्यक्षात लॉरेन्स यांचे लग्न कॉर्फूला येण्याआधीच नॅन्सी यांच्याशी झाले होते आणि पुढे हे जोडपे बेटाच्या ईशान्येला, कलामी या गावी समुद्राला लागून असलेल्या घरात वेगळे राहत होते. नॅन्सी पुस्तकात औषधालाही नाहीत. शेवटही तसाच बदललेला आहे. पुस्तकात जेराल्डच्या शिक्षणासाठी आई इंग्लंडला परतायचे ठरवते. खरे कारण १९३९ च्या उन्हाळ्यात युरोपवर घोंगावणारे युद्ध हे होते. चार-पाच वर्षे एकसंध उन्हाळ्यासारखी रंगवायची असतील तर त्यात युद्धाला जागा कशी देणार? मला ही लबाडी वाटत नाही, पण ते पुस्तक इतिहास म्हणून हाती घेणाऱ्याने एवढे जाणून असावे.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र मी त्यावर बराच विश्वास ठेवीन. काडेपेटीत ठेवलेली विंचवीण आणि जेवणाच्या टेबलावर पांगलेली तिची पिले हा प्रसंग सांगताना लेखकाने तिखटमीठ लावले असेलही, पण पिले पाठीवर वागवणारी विंचवीण ही पाहिलेली गोष्ट आहे. हा भरवसा वाटण्यामागे एक माणूस आहे : डॉ. थिओडोर स्टेफनिडीस. क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या ग्रीक गृहस्थांनी बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीचा कसून अभ्यास केला होता. डबकी, ओढे आणि सूक्ष्मदर्शक यांची गोडी जेराल्डला त्यांनीच लावली. आपल्या अप्रकाशित टिपणांतली माहितीही त्यांनी पुस्तकासाठी वापरू दिली, हे जेराल्ड यांनी सुरुवातीलाच नोंदवले आहे, आणि काही बऱ्यापैकी टुकार कोट्याही त्यांच्याच आहेत अशी पुस्तीही जोडली आहे. मराठी वाचकाला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे स्टेफनिडीस यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. वडील तिथल्या रॅली ब्रदर्स या ग्रीक पेढीत नोकरीला होते आणि बालपण मुंबईत काढल्यावरच ते कॉर्फूला गेले. म्हणजे भारतात जन्मलेल्या मुलाला ग्रीक बेटावर जो गुरू भेटला, तोही भारतातच जन्मलेला!

पडताळा घ्यायचा असेल तर लॉरेन्स यांचे १९४५ मध्ये निघालेले ‘प्रॉस्पेरोज सेल’ शेजारी ठेवून वाचावे. वर्षे तीच, बेट तेच. पण तिथे नॅन्सी ‘एन.’ या एका अक्षरापुरत्या दिसतात, तर आई आणि भावंडे जवळजवळ गायबच आहेत. धाकट्याने वहिनी वगळली, थोरल्याने घरचे सगळे. मुंबईचे डॉक्टर तेवढे दोघांच्याही पानांत आहेत.