सति म्हणजे आठवण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रोज सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे पाहत बसण्याचा नेम तू चार महिने मोडू दिला नाहीस, हे वाचून फार बरे वाटले. त्याच पत्रात तू विचारतेस की, 'माइंडफुलनेस म्हणजे या क्षणी जे आहे त्याकडे बरे-वाईट न ठरवता पाहणे' असे तुला शिकवले, तर बुद्धांनी सांगितले ते हेच का? या व्याख्येत अर्धे खरे आहे. पण जे राहून गेले आहे ते माझ्या मते अधिक मोलाचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे संस्कृतातला 'स्मृति'. १८८१ साली पालीचे इंग्रज अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली सुत्तांच्या, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या, इंग्रजी भाषांतरात 'सम्मासति'साठी 'राइट माइंडफुलनेस' असे शब्द योजले आणि पुढे तेच रूढ झाले. आपल्याला एवढ्या लांबून फिरून यायची गरज नव्हती, कारण अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग आपण 'सम्यक स्मृती' या नावानेच शिकतो, आणि स्मृती म्हणजे आठवण हे कोणाही मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात पाच इंद्रियांची, म्हणजे श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या मनाच्या शक्तींची, फोड करताना सतीविषयी म्हटले आहे की, आर्यश्रावक, म्हणजे बुद्धांचा खरा शिष्य, स्मृतिमान असतो, फार पूर्वी केलेले आणि फार पूर्वी बोललेलेही तो आठवू शकतो. जी साधना केवळ चालू क्षणाची म्हणून ओळखली जाते, तिच्या व्याख्येत 'फार पूर्वी' हे शब्द आहेत, याचा मी प्रथम वाचले तेव्हा बराच काळ विचार करत राहिलो होतो.

या आठवणीचा आणि समोरच्या क्षणाचा संबंध अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहातल्या एका उपमेने स्पष्ट होतो. सीमेवरच्या नगराच्या वेशीवर एक शहाणा, चाणाक्ष द्वारपाल उभा आहे. तो अनोळखी माणसाला अडवतो आणि ओळखीच्याला आत घेतो. हा द्वारपाल म्हणजे सति. समोर कोण आले आहे हे त्याला स्पष्ट दिसले पाहिजे, हे तुझ्या व्याख्येतले अर्धे. पण आलेला माणूस आपला की परका हे ओळखायचे, तर नगरातली माणसे त्याच्या ध्यानात असली पाहिजेत, आणि आपण वेशीवर कशासाठी उभे आहोत हेही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे जो नुसताच शांतपणे पाहत राहतो, त्याच्या भरवशावर नगर सुरक्षित राहत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. बरीच वर्षे मी नियमाने बसत होतो आणि राग आला की तो छातीत कसा चढतो, कान कसे तापतात, हे मला लख्ख दिसत असे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत तेव्हा, तो राग मला दिसत होता आणि तो दिसत असतानाच मी त्यांना टाकून बोललो. पाहण्यात माझे काही कमी नव्हते. कमी पडली ती आठवण: हे माझे वडील आहेत, कठोर बोलायचे नाही असे मी ठरवले आहे, आणि या रागाच्या पाठोपाठ काय येते ते मी पूर्वी भोगले आहे. राग आला की माणूस स्वतःला विसरतो असे आपण मराठीत म्हणतो, आणि त्याला 'भानावर ये' असे सांगतो. सतीचा इतका नेमका अर्थ मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलेला नाही.

मज्झिमनिकायातल्या महाचत्तारीसक सुत्तात हे सरळच सांगितले आहे. मिथ्या दृष्टी स्मृतिपूर्वक सोडणे आणि सम्यक दृष्टी स्मृतिपूर्वक अंगी बाणवणे, ही सम्यक स्मृती. मार्गाला सोडून गेलेल्या 'मिच्छासति'चाही उल्लेख सुत्तांत येतो, म्हणजे सति सम्यकही असू शकते आणि मिथ्याही. नुसते लक्ष म्हणजेच सति असते, तर हा भेद करण्याचे कारणच उरले नसते.

तरीही तुझ्या शिक्षकांवर अन्याय नको. कुरू जनपदातल्या कम्मासदम्म या गावी उपदेशलेल्या सतिपट्ठान सुत्तात आरंभी खरोखरच नुसते जाणणे आहे: श्वास दीर्घ असला तर दीर्घ आहे हे जाणायचे, आखूड असला तर आखूड आहे हे. पण काया, वेदना (म्हणजे सुख-दुःखाची जाणीव), चित्त असे करत सुत्त चौथ्या विभागात, धम्मांकडे, म्हणजे मनात येणाऱ्या गोष्टींकडे, येते तेव्हा पाच नीवरणांविषयी, म्हणजे द्वेष, आळस यांसारख्या मन झाकणाऱ्या अडथळ्यांविषयी, काय सांगते ते नीट वाच. द्वेष मनात आहे की नाही हे जाणावे. नसलेला द्वेष कसा उपजतो, उपजलेला कसा सुटतो आणि सुटलेला पुन्हा कसा उपजत नाही, हेही जाणावे. हे वैद्याचे पाहणे आहे. वैद्य रोग्याला दोष देत नाही. म्हणून 'बरे-वाईट न ठरवता' या शब्दांत तथ्य आहे, कारण स्वतःला कोसत बसणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. पण वैद्य आजार आणि आरोग्य यांतला फरकही विसरत नाही.

कधी आवरायचे आणि कधी नुसते पाहायचे, यासाठी द्वेधावितक्क सुत्तातला गुराखी मला सर्वांत प्रिय आहे. पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यात शेते पिकांनी भरलेली असतात, तेव्हा तो हातात काठी घेऊन गुरांना इकडून तिकडून वळवतो, कारण ती पिकात शिरली तर मार आणि दंड त्यालाच. उन्हाळ्याच्या अखेरीस सगळे पीक गावात आलेले असते. मग तो झाडाखाली बसतो, आणि 'ही गुरे आहेत' एवढी स्मृती ठेवली की त्याचे काम भागते. कामवासना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार उठतात तेव्हा काठी लागते. मन त्यांच्यापासून मोकळे असते तेव्हा झाडाखाली बसता येते. तुला जे शिकवले ते झाडाखालचे आहे. ते खोटे नाही, पण शेतात पीक उभे असताना ते पुरत नाही.

तू लहानपणापासून विहारात पंचशील म्हणत आली आहेस. पाचव्या शीलातल्या 'पमादट्ठाना' या शब्दाकडे एकदा थांबून पाहा. मद्य टाळायचे कारण त्या एका शब्दात दिले आहे: ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, ठिकाण आहे. कुशीनारा येथे बुद्धांचे शेवटचे शब्दही 'अप्पमादेन सम्पादेथ', म्हणजे सावध राहून साध्य करा, असेच होते. सकाळच्या दहा मिनिटांचा आणि त्या शीलांचा काही संबंध आहे असे तुला कोणी सांगितले नसेल, तर मी आज सांगतो, कारण वेशीवरच्या द्वारपालाने जी माणसे ओळखून ठेवायची, त्यांत ही शीले पहिली.

सकाळचे बसणे चालू ठेव. बसण्यापूर्वी शीले सावकाश, अर्थ मनात आणून म्हण, आणि येता महिनाभर पाच नीवरणांपैकी एकच, तुला सर्वांत जास्त छळणारे, निवडून त्याचे वर दिलेले चार प्रश्न दिवसभर सोबत ठेव. ते कोणत्या वेळी येते आणि कशाने ओसरते, हे आढळेल तसे वहीत लिही आणि मला कळव. वेदनांच्या विभागातल्या 'सामिस' (विषयांशी जोडलेल्या) आणि 'निरामिस' (विषयांपासून मोकळ्या) सुखाविषयी तू विचारले आहेस. त्याचे उत्तर तुझी वही वाचल्यावर देतो.

तुझा,
सर